निसर्गाची खोटी साक्ष

१/८
१८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ३७७ खाली ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोग हा गुन्हा ठरवला आणि समलिंगी माणसे त्या कलमाच्या छायेत गुन्हेगार झाली. कायदा करणाऱ्यांनी साक्षीदार म्हणून निसर्गाचे नाव घेतले. त्याची साक्ष मात्र कधीच काढली नाही. ती काढणाऱ्यांना काय आढळले, त्याविषयी हा थ्रेड. 🧵

२/८
अठराव्या शतकात लिनियसने वनस्पतींचे वर्ग पुंकेसर-स्त्रीकेसरांवरून पाडले आणि त्यांना पती-पत्नीची उपमा दिली. भूछत्रे व बुरशी या चौकटीत बसेनात. त्यांना त्याने चोविसाव्या, अखेरच्या वर्गात ढकलले: क्रिप्टोगॅमिया, म्हणजे गुप्त विवाह. विवाह दिसत नाही, तरी तो असलाच पाहिजे, हे आधीच ठरलेले होते!

३/८
१९०४ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लेकस्ली याने पावावरील बुरशीच्या कुळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. संयोगाला दोन भिन्न प्रकारचे तंतू लागत. पण दिसायला दोन्ही सारखेच. नर कोण, मादी कोण? उत्तर नव्हते. त्याने त्यांना नावे दिली ‘अधिक’ आणि ‘उणे’.

४/८
वाळक्या लाकडावर उगवणारी, पंख्याच्या आकाराची शिझोफायलम कम्यून ही अळंबी भारतातही सर्रास आढळते. तिच्यात संयोगाचे २३,००० हून अधिक प्रकार आहेत. ही २३,००० ‘लिंगे’ नव्हेत; कोणाचे कोणाशी जुळते, याचे हे जनुकीय प्रकार आहेत. पण नर-मादीची जोडी हा सृष्टीचा एकमेव नियम, हा दावा तेवढ्यानेच कोसळतो.

५/८
प्राण्यांकडे वळावे, तर साक्ष दडपल्याचाच पुरावा हाती लागतो. स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेतील डॉक्टर लेव्हिक याने १९११-१२ च्या हंगामात अडेली पेंग्विनमधील नरांचा परस्पर समागम पाहिला. वहीत त्याने असा मजकूर ग्रीक लिपीत लपवला. अधिकृत अहवालातून तो वगळला गेला. शास्त्रीय नियतकालिकात तो अवतरला थेट २०१२ मध्ये.

६/८
१९९९ मध्ये ब्रूस बॅगमिल याने साडेचारशेहून अधिक प्राणिजातींतील समलिंगी वर्तनाच्या नोंदी एका ग्रंथात एकत्र केल्या. त्यातील बहुतेक नोंदी आधीच्या संशोधकांच्याच होत्या. म्हणजे पुरावा होता. तो मोजण्याची इच्छा नव्हती.

७/८
मग हक्क अळंबीने दिले, असे म्हणावे काय? मुळीच नाही. लेव्हिकच्या त्याच टिपणांत पिलांवरील अत्याचारही आहेत. निसर्ग नीतीचा गुरू नव्हे. जे निसर्गात आढळते ते सारे योग्य, हा युक्तिवाद कलम ३७७ च्या युक्तिवादाइतकाच पोकळ आहे.

८/८
६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. त्या निकालाचा पाया संविधानातील समता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा हाच होता. तरीही घराघरांत, शाळांत ‘अनैसर्गिक’ हा शब्द अजून शिवीसारखा फेकला जातो. तो फेकणाऱ्याने एवढेच लक्षात घ्यावे: ज्या साक्षीवर तो विसंबतो, ती निसर्गाने कधी दिलीच नव्हती, आणि माणसाला माणूस म्हणून जगण्यासाठी तिची गरजही नाही.