सब्र म्हणजे तोंड दाबणे नव्हे

लहान मूल गेलेल्या घरात आपल्याकडे सगळ्यात आधी पोहोचतो तो सल्ला. सब्र करा. अल्लाहची अमानत होती, त्याने परत नेली. वाक्य खरे आहे. माझे भांडण वाक्याशी नाही, ते कशासाठी वापरले जाते त्याच्याशी आहे.

आमच्या मोहल्ल्यात अशा घरांत बायकांच्या खोलीत मी अनेकदा बसले आहे. आईला हुंदका आला की कोणीतरी वडीलधारी खाला तिचा हात दाबते, "रो नको गे, बच्चे कू तकलीफ होती." आणि ती बिचारी ओढणीचा बोळा तोंडात धरून बसते. आपल्या आसवांनी आपल्याच बाळाला कब्रीत त्रास होईल, ही भीती तिच्या मनात कायमची घर करते.

ही भीती कुठून आली? घरच्यांच्या रडण्याने मय्यतीला अजाब होतो, अशी रिवायत हजरत उमर आणि त्यांचे पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांच्याकडून आली आहे. पण ती ऐकताच हजरत आयेशा (रजि.) यांनी हरकत घेतली, आणि एकाचे ओझे दुसऱ्यावर टाकले जात नाही या कुरआनच्या तत्त्वाचा दाखला दिला. ही हरकतही सहीह बुखारीतच आहे. पुढच्या उलेमांनीही त्या रिवायतीचा अर्थ ओरडून, कपडे फाडून, गाल बडवून केलेल्या आक्रोशापुरता मर्यादित ठेवला. असा आक्रोश मना आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण डोळ्यांतले पाणी? आणि ज्याचा हिशोबच सुरू झाला नाही, त्या आठ महिन्यांच्या बाळाला कसला अजाब?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतःची किती मुले दफन केली, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? कासिम आणि अब्दुल्लाह बालपणीच गेले. जैनब, रुकय्या आणि उम्मे कुलसूम या मोठ्या झालेल्या मुली त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या. मागे राहिल्या त्या एकट्या फातिमा. शेवटी हिजरी १० मध्ये इब्राहीम गेला, जेमतेम दीड वर्षाचा. दूध पाजणाऱ्या दाईचा नवरा लोहार होता, घर धुराने भरलेले असायचे. तिथे जाऊन प्रेषित बाळाला उचलून घेत, त्याचा मुका घेत. बाळ शेवटचे श्वास घेत होते तेव्हा त्यांचे डोळे वाहू लागले. अब्दुर्रहमान बिन औफ यांना नवल वाटले. आपणसुद्धा, असे त्यांनी विचारले. उत्तर मिळाले की ही दया आहे. डोळे रडतात, मन दुखते, आणि जिभेवर मात्र रबला न आवडणारे काही येत नाही. सब्रची हद्द त्यांनी जिभेपाशी आखली. आपण ती ओढत ओढत डोळ्यांपर्यंत आणली.

त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. मदीनेचे लोक म्हणू लागले की इब्राहीमसाठी सूर्य काळवंडला. प्रेषितांनी ते लगेच खोडून काढले : चंद्रसूर्य कोणाच्या जन्मामृत्यूने झाकोळत नाहीत. स्वतःच्या लेकराच्या मातीच्या दिवशीही त्यांनी खोट्या समजुतीला जागा दिली नाही. आणि आपण? नजर लागली, गरोदरपणात ही अमुक ठिकाणी गेली होती, घरात नमाज नव्हती. आईला तोंडावर ऐकवतो.

सब्रच्या बयानात उम्मे सुलैम यांचा किस्सा हमखास येतो. मूल गेल्याचे त्यांनी रात्रभर नवऱ्याला कळू दिले नाही. थोर बाई होत्या. पण हजरत याकूब (अ.) यांचे रडणे त्या बयानात का येत नाही? सूरह यूसुफमध्ये 'सब्रे जमील'चा उच्चार करणारे तेच आहेत, आणि त्याच सूरेत दुःखाने डोळे पांढरे झालेलेही तेच. घरचे त्यांना टोकतात की अजून किती दिवस यूसुफचे नाव घेणार. ते सांगतात, माझी फिर्याद अल्लाहकडे आहे. माझ्या मते हे टोकणारे घरचे आजही प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

बाळाच्या कब्रीजवळ रडणाऱ्या एका बाईला प्रेषितांनी सब्र करायला सांगितले. तिने ओळखले नाही, उलट सुनावले की माझ्यावर जे आले ते तुमच्यावर आलेले नाही. ते निघून गेले. रागावले नाहीत, तिला तिथून उठवलेही नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक कब्रस्तानांच्या फाटकापाशी आई थांबते आणि बाकीचे आत जातात. बाईने जावे की नाही याबद्दल फिकहमध्ये मतभेद आहेत, मला माहीत आहे. मग निदान मतभेद आहेत एवढे तरी तिला सांगा.

जेवणाचेही तसेच. हजरत जाफर शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरी जेवण पाठवा, असा हुकूम होता. आपण चाळिसाव्याला त्याच घरात देग चढवायला लावतो, प्रसंगी कर्ज काढून.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो तकदीर या शब्दाच्या वापराचा. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवरची साथ आली, गोवंडीच्या वस्त्यांत मुले दगावली. गोवराची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते, पहिला डोस नऊ महिन्यांनंतर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. कुठे अफवा आड आली, कुठे रोजंदारी बुडण्याची भीती, कुठे कुपोषण आणि एका खोलीत आठ माणसे. यातले काहीही आसमानातून उतरलेले नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. त्या आईबापांनी जाब मागितला तर ते सब्रच्या विरुद्ध कसे?

शामकडे निघालेल्या हजरत उमर यांना वाटेत सरग इथे ताऊनची खबर मिळाली आणि त्यांनी काफिला परत फिरवला. अबू उबैदा यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता? उमर म्हणाले, हो, एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे. उंट चारायला न्यायचा आणि समोर एक दरी हिरवी, दुसरी उजाड असेल तर माणूस हिरवी निवडतो, आणि तीही तकदीरच असते. हा किस्सा मी लसीच्या शिबिरात सांगते तेव्हा तरुण आईबाप मान डोलावतात. मशिदीतून तो ऐकला का विचारले तर बहुतेकांचे उत्तर नाही असते.

म्हणून गेल्या महिन्यात मी आमच्या भागातल्या दोन मशिदींच्या विश्वस्तांना भेटले. जुम्याच्या बयानात इब्राहीमचा मृत्यू आणि लसीकरण हे दोन विषय एकत्र घ्यावेत, एवढेच मागितले. एका ठिकाणी होकार मिळाला आहे. दुसऱ्या ठिकाणी इमामसाहेबांना विचारून सांगतो म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.