पंगत एक, चुली किती?

लखनऊच्या छावणीत जेवणाची वेळ झाली, की साताऱ्या-कोल्हापूरकडचा जवानही हातात ताट आणि मग घेऊन 'लंगर'कडे निघतो. सैन्याच्या बोलीत जवानांच्या स्वयंपाकघराला लंगरच म्हणतात. मग पलटण मराठ्यांची असो, गुरख्यांची असो की मद्रासी. मध्य कमांडचं मुख्यालय, आर्मी मेडिकल कोअरचं केंद्र आणि 11 गोरखा रायफल्सचं केंद्र, सगळं याच छावणीत. त्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यातले तरुण इथे येतात आणि 'सावधान-विश्राम'सोबत हा शब्दही शिकतात. शब्द मूळचा फारसी. सूफींच्या खानकाहांत फकिरांना, वाटसरूंना जेवू घालत, त्यालाही लंगर म्हणत. पण त्याला आजचा अर्थ दिला तो शिखांनी.

हा शब्द लखनऊच्या छावणीत रुजावा, ही इतिहासाने केलेली मोठीच गंमत आहे. कारण कंपनी सरकारच्या बंगाल सैन्यातले बरेचसे शिपाई याच अवध प्रांतातले. ब्राह्मण आणि राजपूत. त्यांचं एकत्र स्वयंपाकघर नसे. कवायत संपली की आंघोळ करायची, चौका सारवायचा आणि आपापली चूल पेटवायची. 'तीन कनौजिया, तेरह चूल्हे' ही म्हण तिकडचीच! माणसं तीन, पण चुली तेरा. तुरुंगातल्या कैद्यांना एकत्र शिजवलेलं अन्न देण्याचा हुकूम निघाला, तेव्हा 1840च्या दशकात बिहारमध्ये दंगे झाले होते. जानेवारी 1857मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम इथे दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या एका कामगाराने ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितलं. शिपायाने जात काढून नकार दिला. 'आता चरबी लावलेली काडतुसं दातांनी तोडाल, तेव्हा कुठे राहील तुमची जात?' अशा अर्थाचं उत्तर कामगाराने दिलं आणि ती बातमी छावण्या-छावण्यांतून पसरली. लखनऊची तेव्हाची छावणी शहराच्या उत्तरेला मडियांवला होती. 30 मे 1857च्या रात्री ती पेटली. उठावाची कारणं अनेक होती. आदल्याच वर्षी अवधचं राज्य खालसा झालं होतं, ही जखम तर ताजीच होती. पण ठिणगीच्या आधी नाकारलेला एक लोटा होता, हे विसरून चालत नाही.

मराठी माणसाने यावर हसायचं कारण नाही. पानिपतावर मराठ्यांच्या तळात जागोजागी धूर पाहून अब्दालीने 'हे काय?' म्हणून विचारलं आणि 'प्रत्येक जातीची चूल वेगळी' असं उत्तर त्याला मिळालं, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. ती दंतकथाच. पण तिच्यातल्या चुली खोट्या नव्हत्या.

पंजाबात या दुखण्यावर इलाज सुरू झाला तो पानिपताच्या दोन शतकं आधी. गुरू नानक (1469-1539) आयुष्याच्या अखेरच्या काळात करतारपूरला स्वतः शेती करत राहिले आणि तिथे येणारा प्रत्येक जण एकाच ठिकाणी जेवू लागला. दुसरे गुरू अंगद यांच्या काळात खडूरच्या लंगरची व्यवस्था पाहिली त्यांच्या पत्नी माता खीवी यांनी. गुरू ग्रंथसाहिबात गुरुपत्नींपैकी त्यांचंच तेवढं नाव येतं, आणि तेही त्यांच्या लंगरमधल्या तुपाळ खिरीच्या कौतुकासह! तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवालला नियमच केला: आधी पंगत, मग संगत. म्हणजे गुरूंची भेट हवी, तर आधी सर्वांच्या रांगेत जमिनीवर बसून जेवा. खुद्द अकबर बादशहाही असा पंगतीला बसला, असं परंपरा सांगते.

'पंगत' हा शब्द त्यांचा आणि आपला एकच आहे. पण आपल्याकडे त्याच्या पाठोपाठ 'पंक्तिभेद'ही आला. पंढरीच्या वाटेवर तरी तो सुटावा! ज्या नामदेवांची 61 पदं शिखांनी आपल्या ग्रंथात आदराने घेतली, त्यांच्याच वाटेवरची ही गोष्ट. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती'तल्या 'वाटचाल' या लेखात लिहून ठेवलं आहे की, एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वारकरी दिवसभर तेच अभंग एका गळ्याने गात. जेवायची वेळ आली की मात्र वेगवेगळे होत. गाणं एकत्र जमतं, घास एकत्र जमत नाही.

शिखांमध्ये सगळं आलबेल होतं, असंही नाही. 12 ऑक्टोबर 1920 रोजी अमृतसरच्या सुवर्णमंदिरात मागास जातींतून शीख झालेल्या लोकांनी कडाह प्रसाद अर्पण करायला आणला. पुजाऱ्यांनी तो स्वीकारायला नकार दिला. चारशे वर्षांच्या लंगरनंतर, तेही थेट दरबार साहिबात! वाद वाढला, तेव्हा ग्रंथसाहिबच उघडून कौल घ्यायचं ठरलं. जे वचन निघालं ते या नव्या शिखांच्या बाजूचं होतं. पुजाऱ्यांना नमावं लागलं. मंदिरांचा कारभार महंत-पुजाऱ्यांच्या हातून काढून घेण्याच्या चळवळीला या प्रसंगाने जोर आला आणि पुढच्याच महिन्यात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. तरीही पंजाबच्या काही गावांत आज जातवार गुरुद्वारे आहेत. पंगतीचा नियम घालून देणं आणि तो पाळणं, यांत बरंच अंतर असतं.

सैन्याने ते अंतर सावकाश कापलं. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी शिपायांसाठी इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्यात रुग्णालय उघडलं, तेव्हा तिथे धर्म आणि आहार पाहून नऊ स्वयंपाकघरं करावी लागली. नेताजींच्या आझाद हिंद सेनेत सगळ्यांसाठी एकच स्वयंपाकघर झालं. स्वातंत्र्यानंतर 1949मध्ये उभ्या राहिलेल्या ब्रिगेड ऑफ गार्ड्सने सगळ्या जाती-प्रांतांचे जवान एकत्र घेतले. आज 'बडाखाना' असला की अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. एका खंदकात मरायला तयार असलेल्यांनी एका पातेल्यातलं खावं, ही साधी गोष्ट. पण तिला शंभर वर्षं लागली!

गुरुद्वाऱ्यातल्या लंगरला फुकट जेवण समजणारे बरेच आहेत. ते अर्धवट पाहतात. तिथे डोकं झाकून, चपला बाहेर ठेवून सतरंजीवर बसायचं. शेजारी कोण बसणार, हे आपण ठरवत नाही. पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. श्रीमंताचे हातही तेवढ्यापुरते पसरलेलेच असतात. जेवण शाकाहारी असतं, ते कुठल्याही धर्माच्या माणसाला निःशंक जेवता यावं म्हणून. कमाईचा दहावा हिस्सा, म्हणजे दसवंध, धर्मकार्यासाठी काढायचा, या शिकवणीवर हा सगळा खर्च चालतो. आणि उष्टी भांडी घासायला दुकानदार, वकील, डॉक्टर रांगेत उभे असतात. ही भांड्यांची रांग जेवणाच्या रांगेहून महत्त्वाची आहे. आपल्याकडे अन्नदान उदंड होतं, पण पत्रावळी उचलणारे मात्र ठरलेले असतात.

यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ नागपूर-हैदराबाद महामार्गावर असाच एक लंगर आहे. 2020च्या टाळेबंदीत गावी परतणारे मजूर, ट्रकचालक, वाटसरू तिथे जेवले. ऐंशी ओलांडलेल्या बाबा करनैलसिंग खैरा यांच्या देखरेखीखाली दहा आठवड्यांत सुमारे 20 लाख लोकांना जेवण मिळालं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. ढाबे बंद होते. जात विचारायला कुणाला सवड नव्हती आणि सांगायला त्राण नव्हतं.

छावणीतला जवान महिन्याच्या सुट्टीवर गावी येतो. वर्षभर त्याने कुणाकुणाच्या हातचं खाल्लेलं असतं, हे आईला ठाऊक असतं आणि ती त्याबद्दल काही विचारत नाही. पण घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा असतो. कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. एखाद्या सकाळी मुलगा तो कप आणून इतर कपांत मिसळतो. आई काही बोलत नाही. सूनही बोलत नाही. तो कामावर परतला की दोन दिवसांत कप पुन्हा खिडकीत जातो.