अंगठ्याची राखण कोणी करावयाची?

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले ‘आधार’ क्रमांक समारंभपूर्वक दिले गेले. त्याच जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात आज पाड्यावरचा मजूर बँक-प्रतिनिधीच्या यंत्रावर अंगठा टेकवून पैसे काढतो. सोय मोठीच. परंतु आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि ठसा एवढ्यावर रक्कम निघते, आणि दस्तऐवजांवरील ठशांच्या नकला करून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात उघडकीस आले आहेत. चोरीस गेलेला परवलीचा आकडा बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. सावकाराच्या कागदावरील ठशापायी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आदिवासींना हे निराळे सांगावयास नको.

ठशांना कुलूप घालण्याची सोय आहे खरी. पण त्यासाठी भ्रमणध्वनी आधारशी जोडलेला हवा, आणि कुलूप असेतो स्वतःचा पैसाही अंगठ्याने निघत नाही.

ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांवर टाकली, हे योग्यच झाले. मात्र त्रयस्थाच्या लबाडीची पूर्ण भरपाई हवी तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार करावी, अशी अटही तिने घातली. नवापूरचा ऊसतोड मजूर तेव्हा गुजरातेत असतो (या गावच्या रेल्वे स्थानकातूनच राज्याची सीमा जाते!). होळीला परतून तो पासबुक भरून घेतो, तेव्हा कोठे खाते रिते दिसते. अशा खातेदाराची मुदत संदेश सुटल्यापासून नव्हे, पासबुकातील नोंद त्याच्या हाती पडल्यापासून मोजली जावी.