वसतिगृहाचा निरोप घेताना

येत्या काही आठवड्यांत आपल्या समाजाच्या वसतिगृहांतून अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे निरोपसमारंभ होतील. १९०१ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. परगावी शिकणाऱ्या मुलांना निवारा, शुद्ध आहार आणि धर्मसंस्कार मिळावेत, ही त्यामागील तळमळ. प्रश्न आहे तो पदवीनंतरचा.

वसतिगृहात सूर्यास्तापूर्वी जेवणाची घंटा होते, मंदिर जवळ असते, स्वाध्यायाला सोबत असते. विद्यार्थी नियम पाळतो असे आपण मानतो. पुष्कळदा ती व्यवस्थाच त्याच्याकडून नियम पाळून घेत असते. नोकरी लागल्यावर पुण्यात डिसेंबरचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि कार्यालय सुटते साडेसातला. रात्रिभोजनत्यागाचा नियम पहिल्याच महिन्यात मोडतो. मुलगा घरी ते सांगत नाही. पुढे मंदिरात जाण्याचाही त्याला संकोच वाटू लागतो. एका चुकलेल्या जेवणापेक्षा ही लपवाछपवी अधिक हानिकारक आहे.

मुनींसाठी महाव्रते आणि गृहस्थांसाठी अणुव्रते, हा भेद आपल्या परंपरेने विचारपूर्वक केला आहे. शक्तीनुसार घ्यावे आणि घेतलेले निभवावे. सायंकाळचा डबा सोबत नेता येईल काय? रोज जमत नसेल, तर निदान अष्टमी-चतुर्दशीला तरी? याचा निर्णय वसतिगृह सोडण्यापूर्वीच, आई-वडिलांशी मोकळेपणाने बोलून व्हावा.

पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे. पहिल्या पगाराला त्याचीच गरज असते. खोलीचे भाडे, अनामत, जेवण, प्रवास यांचा अंदाज हाती पडणाऱ्या रकमेवर बांधावा, नियुक्तिपत्रातील वार्षिक आकड्यावर नव्हे. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणतः अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र कर्ज उचलल्यापासून चढत असते. ते आधीपासून भरत गेल्यास पुढील भार हलका होतो. वसतिगृहातील मित्र जामीन राहण्याची गळ घालील, तेव्हा १८७२ चा करार कायदा आठवावा : अन्यथा ठरलेले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. साधर्मिक-वात्सल्य म्हणून झेपेल तेवढी मदत रोखीने करावी. सही मात्र विचारपूर्वक द्यावी.

रोजमेळ आणि खतावणी शिकविल्याविना आपण मुलाला गादीवर बसवीत नाही. मग परक्या शहरात त्याला केवळ हारतुरे देऊन कसे पाठवितो? विश्वस्तांना विनंती आहे, की निरोपाच्या भाषणांतील एक तास दोन-तीन वर्षे नोकरी केलेल्या माजी विद्यार्थ्यांना द्यावा. त्यांनी काय निभले हे सांगावेच, काय निभले नाही तेही सांगावे. आणि पालकांनी दूरध्वनीवर "नियम पाळतोस ना?" असे विचारण्याआधी "जेवलास का, कोणाबरोबर जेवलास?" असे विचारावे. त्याचे खरे उत्तर मिळू लागले, की पुढचा प्रश्न विचारणे सोपे होईल.