लाल टिकलीच्या प्रतीक्षेत

कलामहाविद्यालयांचे निकाल लागले की मुंबई-पुण्याच्या लहान कलादालनांत एका विशिष्ट प्रकारची प्रदर्शने भरू लागतात. पाच-सात नवपदवीधर, प्रत्येकाची तीन-चार चित्रे, एखादे शिल्प आणि दालनाच्या भाड्याचा भार सर्वांनी वाटून घेतलेला. वृत्तपत्रांत त्यांना चार ओळींची जागा मिळाली तरी पुष्कळ. अभिप्रायवहीत सह्या असतात त्या बहुतांशी मित्रांच्या, प्राध्यापकांच्या आणि आईवडिलांच्या. विकल्या गेलेल्या चित्राशेजारी लाल टिकली लावण्याची प्रथा आहे. आठवडा संपतो, तेव्हा बरीचशी चित्रे टिकलीवाचूनच भिंतीवरून उतरतात आणि टेम्पोत बसून घरी जातात.

हा केवळ त्या मुलांच्या नशिबाचा भाग मानावा काय? महाराष्ट्राला चित्रकलेचे वावडे मुळीच नाही. सर जे. जे. कलाशाळा मुंबईत १८५७ पासून उभी आहे. 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमिजिएट' या शब्दांशी अपरिचित असे मध्यमवर्गीय मराठी घर शोधूनही सापडणार नाही. मुलाला 'अ' श्रेणी मिळाली की पेढे वाटले जातात. मात्र तोच मुलगा पुढे कलामहाविद्यालयात जाण्याची इच्छा व्यक्त करतो, तेव्हा घरातील चेहरे उतरतात. 'पोटापाण्याचे काय?' हा वडिलांचा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर सरकारने द्यावे असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः ते आपल्याच हाती आहे.

लहान प्रदर्शनातून काय घडू शकते, याचा दाखला दूर शोधण्याची गरज नाही. १९४९ साली मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात सहा तरुणांनी एकत्र प्रदर्शन भरवले. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे हे ते सहा जण. त्यांना वेळीच ओळखून, त्यांच्यावर लिहून, त्यांची चित्रे विकत घेऊन ज्यांनी आधार दिला, त्यांत वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेझिंगर ही नावे अग्रभागी आहेत. हे तिघेही नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले! गाडे आपल्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. इंग्लंडहून परतलेल्या बाकरे यांनी अखेरची अनेक वर्षे कोकणात काढली आणि २००७ साली त्यांचे निधन झाले. आपल्यापैकी किती घरांना ही दोन नावे ठाऊक आहेत?

एकेकाळी ही जबाबदारी संस्थानिकांनी पेलली. स्वतः चित्रकार असलेल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले संग्रहालय आजही त्याची साक्ष देते. राजाश्रय गेला, त्याच्या जागी समाजाश्रय यावयास हवा होता. नाटक आणि संगीताच्या बाबतीत तो आला. तिकीट काढून नाटक पाहणारा आणि पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात १९५३ पासून पिढ्यान्‌पिढ्या हजेरी लावणारा श्रोता मराठी मध्यमवर्गातूनच घडला. चित्रकलेच्या वाट्याला मात्र तो आला नाही.

'आजची चित्रे समजत नाहीत' हा आक्षेप यावर हमखास घेतला जातो. त्यात तथ्य आहे. चित्राशेजारी बोजड इंग्रजीतील कागद चिकटवायचा, चित्राला नाव द्यायचे नाही आणि प्रेक्षक फिरकत नाही म्हणून खंत करायची, हे नवोदितांनी सोडले पाहिजे. आपण काय शोधतो आहोत, ते चार सरळ मराठी वाक्यांत सांगता आले पाहिजे. परंतु प्रेक्षकानेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ख्यालही पहिल्या बैठकीत कोणाला कळला नव्हता. ऐकून ऐकून कान तयार झाला, तसा डोळाही पाहून पाहूनच तयार होतो. बहुतेक दालनांत प्रवेश विनामूल्य असतो आणि चित्रकार शेजारीच उभा असतो. त्याला प्रश्न विचारावा. तो आनंदाने उत्तर देतो.

यापुढचे पाऊल खरेदीचे. मोठे तैलचित्र सर्वांना परवडणार नाही. पण विद्यार्थ्याचे छोटे मुद्राचित्र, जलरंगातील एखादे निसर्गदृश्य वा रेखाटन अनेकदा लग्नातल्या आहेराच्या खर्चात बसते. वास्तुशांतीला चौथे घड्याळ देण्याऐवजी असे एक चित्र द्यावे. आपली वाचनालये, पतपेढ्या, शाळा आणि रुग्णालये यांनी दरवर्षी एका नवोदिताचे एक चित्र घेण्याचा ठराव करावा. जिल्ह्याजिल्ह्यांत अशा संस्था शेकड्यांनी आहेत. प्रत्येकीने एकच चित्र घेतले, तरी कितीतरी पदवीधरांचा ब्रश हातातून सुटणार नाही.

पहिली लाल टिकली त्या मुलाला रकमेपेक्षा मोठे काही देते. आपल्या कामाची या समाजाला गरज आहे, हा विश्वास देते. पदवीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तो मिळाला नाही, तर ब्रश खाली ठेवला जातो आणि तो पुन्हा उचलला जाईलच, याची शाश्वती नसते.