विमानतळ ते विमानतळ

सोलापूर-गोवा विमानसेवा 9 जून 2025 रोजी सुरू झाली, तेव्हा तासाभरात गोवा गाठता येणार याचे मोठे कौतुक झाले. ते अस्थानी होते असे नाही. परंतु हा तास म्हणजे नेमके काय, याचा हिशेब समाजवादी कार्यकर्त्यांनी तरी मांडावयास हवा.

सोलापूर आणि मोपा या विमानतळांमधील सरळ रेषेतले अंतर सुमारे 300 किलोमीटर. अशा मार्गांवर वापरले जाणारे पंख्याचे विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. त्रैराशिकाने छत्तीस मिनिटे झाली; उरलेला वेळ कोठे जातो? धावपट्टीपर्यंत सरकणे, वर चढणे, उतरताना वेग कमी करणे यांत. हा वेळ अंतरानुसार फारसा घटत नाही. हजार किलोमीटरच्या उड्डाणात तो खपून जातो, तीनशेच्या उड्डाणात डोळ्यांत भरतो. त्यात तासभर आधी विमानतळावर हजर राहणे आलेच.

आता सोमेश्वरनगरचा प्रवासी घ्या. सोलापूर त्याला रस्त्याने जवळपास 200 किलोमीटर. बारामती, इंदापूर, टेंभुर्णी करीत एसटीने जायचे तर निम्मा दिवस मोडतो. लोहगाव त्यामानाने जवळ, पण तेथे पोहोचण्यासाठी पुण्याची गर्दी ओलांडावी लागते. बारामतीला धावपट्टी आहे. नियमित प्रवासी विमान मात्र नाही. तात्पर्य, आकाशात वाचलेला वेळ जमिनीवर खर्ची पडतो.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. 2016 च्या 'उडान' योजनेत अशा मार्गांवरील तूट भरून दिली जाते आणि तिचा 20 टक्के वाटा महाराष्ट्रासारखे राज्य उचलते. लहान विमानतळांवर इंधनावरील राज्याचा कर 1 टक्क्यापर्यंत खाली आणला जातो. पोलीस आणि अग्निशमन सेवा विनामूल्य. याच राज्याने एसटीच्या भाड्यावर मात्र वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर वसूल केला! महिलांना आणि वृद्धांना एसटीत सवलती मिळाल्या, हे मान्य. पण गाडीच वेळेवर नसेल तर सवलत घ्यायची कशात?

बरे, इतके करून ही उड्डाणे टिकतात काय? महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालानुसार तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनीच तीन वर्षांची सवलतीची मुदत पुरी केली आणि त्यापुढे, मार्च 2023 पर्यंत, उरले अवघे 54.

सोमेश्वरनगरसारख्या कारखान्याच्या गावाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सोलापूरच्या विमानांना अडसर ठरलेली सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची नव्वद मीटरहून उंच चिमणी 15 जून 2023 रोजी पाडण्यात आली. चिमणीच्या परवानगीविषयी वाद होता आणि कायद्याची बाजू मी दुर्लक्षित नाही. तरीही सभासद शेतकऱ्यांच्या भांडवलातून उभी राहिलेली वस्तू काही क्षणांत जमीनदोस्त झाली. विमान त्यानंतर दोन वर्षांनी उडाले. मधल्या काळातील सभासदांचे नुकसान त्या तिकिटाच्या किमतीत कोणी धरले?

विमानास आपला विरोध असण्याचे कारण नाही. मागणी एवढीच की, हवाई मार्गाला सरकारी पैसा देण्यापूर्वी घरापासून मुक्कामापर्यंतचा वेळ आणि खर्च जाहीर करावा, आणि विमानाच्या वेळेला जोडून तालुक्याच्या गावाहून एसटी सोडण्याची तरतूद त्याच करारात लिहावी.