मशीन नंतर घ्या, आधी "हा डाग जाणार नाही" म्हणायला शिका



कार्पेट क्लीनिंगच्या धंद्यात उतरायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, मशीन कोणतं घेऊ?" माझं मत सरळ आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात या धंद्यात माणूस मशीनमुळे बुडत नाही, "शंभर टक्के निघेल" या एका वाक्यामुळे बुडतो.

मीही तसाच आपटलोय. वाळूज एमआयडीसीतल्या एका ऑफिसात, शॉप फ्लोअरच्या दारापासून अकाउंट्सपर्यंत बुटांनी आणलेल्या ग्रीसचा काळा पट्टा होता. भरपूर पाणी, भरपूर शाम्पू मारला. संध्याकाळी कार्पेट नव्यासारखं, साहेब खूश. आठव्या दिवशी फोन आला, "अहो, डाग परत आलाय." बिल अडकलं ते अडकलंच. आणि चूक माझीच होती.

झालं काय, तर जास्त पाण्यासोबत घाण तळापर्यंत उतरते. कार्पेट वाळताना ओल धाग्यातून वर चढते आणि घाणही घेऊन येते. शाम्पूचा चिकट थर राहिला असेल तर नवी धूळ नेमकी तिथेच बसते. त्यात ऑफिसांमधली बरीच स्वस्त कार्पेटं पॉलिप्रॉपिलीनची असतात. हा धागा पाणी पीत नाही, पण तेल धरून ठेवतो.

म्हणून सुरुवात कोरडी. साचलेलं ग्रीस बोथट पट्टीने खरवडा, व्हॅक्यूम मारा. मग पांढऱ्या सुती कापडावर कार्पेटसाठीचं थोडं सॉल्व्हंट घेऊन कडेकडून मध्याकडे टिपत जा. घासू नका. त्यानंतर सौम्य डिग्रीझर, अगदी थोडं पाणी, ते लगेच ओढून घ्यायचं. रात्रभर वर पांढरा टॉवेल आणि वजन ठेवा; वर चढणारी घाण टॉवेलात जाते. हे सगळं आधी एका झाकलेल्या कोपऱ्यात करून बघायचं. पेट्रोल आणि थिनर मात्र नकोच. बंद एसी ऑफिसात आगीला आमंत्रण, शिवाय कार्पेटच्या मागचा गोंद सुटतो. कागद ठेवून इस्त्री फिरवायचा घरगुती उपायही विसरा. पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळतं, सुती कपड्यांची इस्त्री त्याहून गरम असते.

हॉटेलच्या हॉलमध्ये नान-खलियाची तर्री सांडली असेल तर आणखी गंमत. तेल निघतं, हळदीचा पिवळेपणा राहतो. गिऱ्हाइकाला वाटतं, याने काम अर्धवट केलं.

म्हणून ग्रीसच्या डागाला चौरस फुटाचा दर लावूच नका. साफसफाईचा दर वेगळा, डागांचा वेगळा. प्रत्येक डागाचा फोटो काढा, त्याच्यासमोर "जाईल", "फिकट होईल" किंवा "जाणार नाही" लिहा आणि काम सुरू करण्याआधी सही घ्या. असं लिहिलं तर काम हातचं जाईल, असं तुम्ही म्हणाल. जातंही कधीकधी. पण जो गिऱ्हाईक हे लिहिलेलं वाचून बिचकतो, त्याच्याकडेच पुढे बिल अडकतं, हा माझा अनुभव आहे.

त्या वाळूजच्या ऑफिसला खरी गरज होती ती शॉप फ्लोअरच्या दाराशी एका लांब, खरखरीत मॅटची आणि महिन्याला एका फेरीची. तेव्हा मला हे सुचलं नाही. तुम्ही कोटेशनच्या दुसऱ्याच ओळीत ते टाका. मी वापरतो तो नमुना पुढच्या व्हिडिओत दाखवतो.